कॅमेऱ्याच्या दारावर ‘धनलक्ष्मी’ची पाटी! फायरवॉलने नाव नव्हे, नंबर का दाखवावा?

नांदेडच्या वजिराबादेत जा किंवा लातूरच्या गंजगोलाईत, दुकान कितीही छोटं असलं तरी दोन-चार कॅमेरे आणि एक डीव्हीआर असतोच. स्वस्तातले अनेक चिनी बनावटीचे डीव्हीआर मोबाइल ॲपशी बोलण्यासाठी ३४५६७ क्रमांकाचा पोर्ट वापरतात. असं नेटवर्क ‘एनमॅप’ या तपासणीच्या टूलने तपासलं की स्क्रीनवर ओळ येते: ३४५६७, टीसीपी, ओपन, धनलक्ष्मी.

हा विनोद नाही. इंटरनेटवरच्या पोर्टची जी जागतिक नोंदवही आहे, तिच्यात ३४५६७ हा क्रमांक खरोखरच ‘धनलक्ष्मी’ या नावाने नोंदलेला आहे. व्यापारी कागदपत्रांची कॉम्प्युटरवरून देवाणघेवाण करणाऱ्या एका सेवेसाठी तो कुणीतरी घेतला होता. डीव्हीआर बनवणाऱ्यांचा त्या सेवेशी काडीचा संबंध नाही. त्यांनी तोच नंबर वापरला, एवढंच. टूलला यातलं काहीच कळत नाही. ते यादीत बघतं आणि नाव छापून मोकळं होतं.

एनमॅप निदान नंबर आधी छापतं आणि नाव नंतर. त्यामुळे जाणकार माणूस फसत नाही. पण फायरवॉल हाताळायची कित्येक टूल नंबर गाळून फक्त नाव दाखवतात. माझा आक्षेप तिथे आहे. फायरवॉलच्या यादीत आधी नंबर दिसला पाहिजे. नाव हवं तर शेजारी, शेरा म्हणून.

नाव येतं तरी कुठून?

आयपी ॲड्रेस हा इमारतीचा पत्ता मानला, तर पोर्ट म्हणजे त्या इमारतीतल्या दाराचा क्रमांक. ० ते ६५५३५, म्हणजे एकूण ६५,५३६ दारं. फायरवॉल हा वॉचमन. कोणत्या दारातून कुणाला आत सोडायचं, हे त्याला लिहून दिलेलं असतं, आणि ते नंबरमध्येच असतं. इंटरनेटवरून येणाऱ्या डेटाच्या पुडक्यावरही फक्त नंबर असतो. ‘मी वेबसाइटसाठी आलोय’ असं त्यावर लिहिलेलं नसतं.

मग यादीत ‘एसएसएच’, ‘एचटीटीपी’ अशी नावं कशी दिसतात? लिनक्समध्ये ‘सर्व्हिसेस’ नावाची एक साधी टेक्स्ट फाइल असते. विंडोजमध्येही तशीच फाइल आहे. कोणत्या नंबरला काय म्हणायचं, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. फायरवॉलचे नियम दाखवताना टूल त्या फाइलमधून नाव उचलतं आणि नंबरच्या जागी ठेवतं. नियम बदलत नाही, फक्त दिसणं बदलतं.

या याद्यांचं मूळ इंटरनेटच्या बालपणात आहे. जॉन पोस्टेल हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ अनेक वर्षं कोणता नंबर कुणाला दिला याची नोंद ठेवत. तेव्हा जग एवढंसं होतं. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी एसएसएच तयार केलं आणि त्यासाठी २२ नंबर मागून घेतला, कारण शेजारचे २१ आणि २३ अनुक्रमे एफटीपी आणि टेलनेटकडे होते. मागितला आणि मिळाला. त्या काळात दारावरची पाटी आणि आत राहणारा माणूस बहुतेक वेळा जुळायचे.

आता ही नोंदवही ‘आयएएनए’ ही संस्था सांभाळते आणि यादीच्या सुरुवातीलाच सूचना देते. एखाद्या नोंदलेल्या पोर्टवरून डेटा वाहतोय याचा अर्थ तो चांगलाच आहे किंवा नोंदलेल्या सेवेचाच आहे, असा होत नाही, असं ती सांगते. फायरवॉल सांभाळणाऱ्यांनी नोंदीवर नव्हे, तर प्रत्यक्ष वाहतुकीच्या माहितीवर निर्णय घ्यावा, असंही तिथे म्हटलंय. म्हणजे नावांचा मालकच सांगतोय की नावावर जाऊ नका. तरी आपली टूल नावच पुढे करतात.

टॅली उघडी आहे, पण दिसते भलतीच

आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण टॅलीचं. टॅली दुसऱ्या सॉफ्टवेअरशी बोलते तेव्हा मूळ सेटिंगप्रमाणे ९००० हा पोर्ट वापरते. आयएएनएच्या यादीत ९००० ला ‘सीएस-लिसनर’ म्हणतात. मोंढ्यातल्या आडत दुकानाचा हिशेब ज्या दारातून बाहेर जाऊ शकतो, त्या दारावर ‘सीएस-लिसनर’ अशी पाटी. दुकानदार सोडा, कॉमर्सचं ऑफिस रोज सांभाळणाऱ्या टेक्निशियनलाही ते पटकन उमगणार नाही. ९००० म्हटलं की मात्र तो लगेच म्हणेल, ‘ही टॅली.’

रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट ३३८९. त्याचं नोंदलेलं नाव ‘एमएस-डब्ल्यूबीटी-सर्व्हर’. डब्ल्यूबीटी म्हणजे ‘विंडोज बेस्ड टर्मिनल’, हा शब्द आज कुणी वापरत नाही. घरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवता यावा म्हणून हा पोर्ट कुणीतरी राउटरमधून उघडून देतं आणि विसरून जातं. पासवर्डचा अंदाज बांधत आत घुसणाऱ्यांचं हे जगभरातलं आवडतं दार आहे. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ हा दोष उघड झाला, तोही याच रिमोट डेस्कटॉपमधला. असं दार उघडं असताना यादीत ‘एमएस-डब्ल्यूबीटी-सर्व्हर’ वाचून कुणाच्या पोटात गोळा येणार आहे?

आणखी गंमत म्हणजे नाव सगळीकडे एकच नसतं. ८०८० हा पोर्ट रेड हॅट परिवारातल्या लिनक्सवर ‘वेबकॅश’ म्हणून दिसतो आणि डेबियन-उबुंटूवर ‘एचटीटीपी-ऑल्ट’ म्हणून. नियम तोच, दार तेच. दोन मशीनच्या याद्या शेजारी ठेवल्या तर दोन वेगळ्या गोष्टी उघड्या आहेत असं वाटेल. शिवाय डेबियनची यादी छोटी आहे. तिच्यात नाव सापडलं नाही की टूल नंबर दाखवतं. म्हणजे एकाच यादीत चार नावं आणि तीन नंबर. शोधणाऱ्याने शोधायचं तरी काय?

२०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना उघडेनाशा झाल्या. कंपनीने दिलेला पासवर्ड न बदललेली उपकरणं मिराय दोन दारांवर शोधायचं, २३ आणि २३२३. टेलनेट या जुन्या सेवेचं २३ हे अधिकृत दार, आणि २३२३ हे तिचंच मागचं दार म्हणून वापरलं जायचं. पण नोंदवहीत २३२३ चं नाव आहे ‘थ्रीडी-एनएफएसडी’. टेलनेट बंद करा असा निरोप मिळालेल्या माणसाने नावांच्या यादीत टेलनेट शोधलं असतं, २३ बंद केला असता आणि निर्धास्त झाला असता.

‘४४५ बंद करा’ असा निरोप येतो तेव्हा

हल्ल्याच्या दिवशी येणारे निरोप नंबरमध्ये असतात, म्हणून हे सगळं महत्त्वाचं. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ पसरलं, तेव्हा जगभर एकच सल्ला फिरत होता: बाहेरून येणारा ४४५ बंद करा. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आलं. त्याचा फटका थेट आपल्या जेएनपीटीला बसला, मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. नेटवर्कच्या आत पसरण्यासाठी नॉटपेट्यानेही ४४५ चा वापर केला होता.

आता कल्पना करा, व्हॉट्सॲपवर ‘४४५’ असा मेसेज आलाय आणि समोरच्या यादीत ४४५ कुठेच नाही, कारण तिथे ‘मायक्रोसॉफ्ट-डीएस’ लिहिलंय. घाईत माणूस म्हणणार, आपल्याकडे नाहीच तो, बरं झालं.

फायरवॉलच्या नोंदी, म्हणजे लॉगसुद्धा नंबर बोलतात. लिनक्सच्या लॉगमध्ये कोणत्या पोर्टवर धडक आली ते आकड्यातच येतं. लॉगमध्ये ३३८९ आणि नियमांत ‘एमएस-डब्ल्यूबीटी-सर्व्हर’, तर दोघांची सांगड घालणार कशी? ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायला आणि १८० दिवसांचे लॉग जपायला सांगितलंय. सहा तासांतला अर्धा तास नावांचं भाषांतर करण्यात घालवणं परवडणारं नाही.

अजून एक त्रास, जो प्रत्यक्ष हात घातल्याशिवाय कळत नाही. लिनक्सच्या ‘आयपीटेबल्स’ला यादी मागितली की ते पोर्टबरोबर आयपी ॲड्रेसचीही नावं शोधायला जातं आणि त्यासाठी बाहेरच्या सर्व्हरला विचारतं. नेट बंद असेल तर उत्तराची वाट बघत यादी अडकून बसते. म्हणजे नेट का चालत नाही हे बघायला फायरवॉल उघडावी, तर नेट नाही म्हणून फायरवॉलची यादीच येईना. उपाय एका अक्षराचा आहे, कमांडमध्ये ‘मायनस एन’ जोडायचं. नंबरच दाखव, नाव शोधू नको, असा त्याचा अर्थ. जुने जाणते हे न चुकता जोडतात. नवशिक्याला ते कुणी सांगावं लागतं, आणि नवशिक्यालाच त्याची जास्त गरज असते. मूळ सेटिंग उलटं आहे, असं मी म्हणतो ते यामुळे.

पाटी बदलता येते, दार तेच राहतं

आतापर्यंत नोंदवहीतल्या नावांबद्दल बोललो. खरा धोका माणसांनी दिलेल्या नावांत आहे.

बँका, कॉलेज, हॉस्पिटल इथे बसवलेल्या फायरवॉलच्या मशीनमध्ये पोर्टना आपल्याला हवं ते नाव देता येतं. समजा, कुणीतरी ‘टॅली’ असं नाव तयार केलं आणि त्यात ९००० टाकला. वर्षभराने दुसऱ्या टेक्निशियनला बाहेरून काम करायचं होतं. नवा नियम करायचा कंटाळा, म्हणून त्याने ‘टॅली’ या नावाखालीच ३३८९ पण घातला. मुख्य यादीत आजही एकच ओळ आहे: टॅली, परवानगी आहे. ऑडिटर येतो, यादी बघतो, टॅली लागतेच म्हणून पुढे जातो. यात कुणी खोटं बोललेलं नाही. पाटी जुनी आहे आणि आत नवा भाडेकरू आहे.

लिनक्समधल्या ‘फायरवॉलडी’मध्येही यादी नावांचीच असते. तिथे ‘सांबा’ या एका शब्दामागे १३७, १३८, १३९ आणि ४४५ असे चार पोर्ट उघडतात. विंडोजमध्ये नियमाचं नाव म्हणजे निव्वळ मजकूर आहे, ‘रिमोट डेस्कटॉप’ असं लिहिलेल्या नियमात कुठलाही पोर्ट घालता येतो.

उलटही होतं. सुरक्षेसाठी म्हणून एसएसएचचं दार २२ वरून २२२२ वर नेलं आणि फायरवॉलमध्ये ‘एसएसएच’ला परवानगी दिली. नाव बरोबर दिसतंय, पण फायरवॉलच्या लेखी एसएसएच म्हणजे २२. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, आपण नांदेडात, आणि आपल्याच सर्व्हरचं दार आपल्याला बंद. सर्व्हर सांभाळायला शिकणाऱ्या पोरांपैकी अनेकांची पहिली जागलेली रात्र याच कारणाने असते.

नावाआड काय चाललंय हे न दिसणं किती महागात पडतं, हे महाराष्ट्राने बघितलंय. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या खऱ्या स्विचच्या जागी बनावट प्रॉक्सी स्विच उभा करून मंजुऱ्या दिल्या गेल्या, असं तपासातून समोर आलं. ते प्रकरण पोर्टच्या यादीपेक्षा फार मोठं होतं, तुलना ओढूनताणून करायची नाही. जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून १४ कोटींहून जास्त रक्कम ऑनलाइन वळवली गेली, ते प्रकरणही वेगळं. पण त्यानंतर ‘हे मोठ्या शहरांचं दुखणं आहे’ असं निदान मराठवाड्यात कुणी म्हणू नये. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकात नागरी सहकारी बँकांसाठी चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट घालून दिली. फायरवॉलच्या सेटिंगचा वेळोवेळी आढावा घेणं बँकांकडून अपेक्षित आहे. हा आढावा नावांच्या यादीवर शिक्के मारून होणार असेल, तर तो न केलेलाच बरा.

‘पण नंबर लक्षात कुणाच्या राहतात?’

नावांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा मुद्दा, आणि तो अगदीच चुकीचा नाही. ‘एचटीटीपीएस’ वाचायला ४४३ पेक्षा सोपं आहे. नंबर टाइप करताना ३३८९ चं ३३९८ होतं, नावात अशी चूक झाली तर टूल निदान ओरडतं. शिवाय नंबरही सगळं सांगत नाही. आज जवळपास सगळं ४४३ मधूनच जातं, बँकिंग, यूट्यूब आणि मालवेअरसुद्धा. आत काय आहे ते ओळखायला वेगळ्या प्रकारची फायरवॉल लागते.

हे सगळं मान्य. तरीही फरक राहतो. ४४३ हा आकडा ‘मी दार आहे’ एवढंच सांगतो. ‘एचटीटीपीएस’ हा शब्द आत कोण आहे हेही सांगितल्याचा आव आणतो.

आणि वाचायला सोपं म्हणजे कुणाला सोपं? इंग्रजी कॉम्प्युटरी भाषेत वाढलेल्याला. अहमदपूरच्या किंवा देगलूरच्या दुकानदाराला ‘मायक्रोसॉफ्ट-डीएस’ आणि ४४५ यातलं ४४५ जास्त वाचता येतं. फोनवर सांगता येतं, वहीत लिहिता येतं, मुलाला विचारता येतं. आपल्याकडची निम्मी दुरुस्ती फोनवर चालते. ‘ॲनीडेस्कचा नंबर सांगा’ म्हटलं की माणूस दोन-दोन आकडे करून बिनचूक सांगतो. त्यालाच ‘एमएस-डॅश-डब्ल्यूबीटी’ सांगायला लावा आणि पुण्यात बसलेल्या टेक्निशियनने काय ऐकलं ते बघा.

शेतीवाल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. घरात आपण ‘विहिरीकडचं’, ‘माळावरचं’, ‘आंब्याचं’ असंच म्हणतो. आंबा पडून वीस वर्षं झाली तरी ते आंब्याचंच राहतं. पण सातबाऱ्यावर गट नंबर असतो आणि खरेदीखत होतं ते गट नंबरने, चतुःसीमा लिहून. ‘आंब्याचं शेत विकलं’ एवढ्यावर कुणी सही करत नाही. फायरवॉलचा नियम हेही एक प्रकारचं खतच आहे, कुणाला आत यायचा हक्क आहे ते ठरवणारं.

टूल बनवणाऱ्यांनाही हे हळूहळू पटतंय. आयपीटेबल्सच्या जागी आलेलं ‘एनएफटेबल्स’ सुरुवातीच्या काळात पोर्टची नावं दाखवायचं. आता ते आपणहून नंबर दाखवतं आणि नावं हवी असतील तर वेगळा पर्याय द्यावा लागतो. माझ्या मते हाच क्रम बरोबर आहे. राउटर आणि फायरवॉल विकणाऱ्या कंपन्यांनी आपल्या रंगीत स्क्रीनवरही तो आणावा: आधी नंबर, मग टीसीपी की यूडीपी, मग नाव. आकडा बघायला नावावर क्लिक करावं लागू नये. मोबाइलवर राउटरचं पान उघडणाऱ्याला तर तो हमखास दिसत नाही.

तोवर काय करायचं? एएमसीचे पैसे देताना टेक्निशियनकडून एक पान मागून घ्या. बाहेरून उघडा असलेला प्रत्येक पोर्ट नंबरने लिहिलेला, टीसीपी की यूडीपी, कोणत्या मशीनसाठी, कुणी सांगितला म्हणून आणि कधीपासून. बहुतेक दुकानांत आणि क्लासेसमध्ये ही यादी पाच-सहा ओळींपलीकडे जाऊ नये. एखाद्या ओळीपुढे कारण लिहिता आलं नाही, तर तो पोर्ट आठवडाभर बंद करून बघा. कुणाचं काम अडलं तर फोन येईलच.

विंडोजवाल्यांनी फायरवॉलच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘इनबाउंड रूल्स’ उघडावेत. ‘लोकल पोर्ट’ हा रकाना तिथे पार उजवीकडे, स्क्रीनबाहेर असतो. माउसने ओढून तो नावाच्या शेजारी आणता येतो.